ख्यालीखुशालीचे माप

परदेशी गेलेल्या माणसाची ख्यालीखुशाली घरी पोहोचवायची, तर तिचे काहीतरी माप ठरवावे लागते. टपालखात्याने कागदाचे वजन मोजले, तारखात्याने शब्द मोजले, ट्रंक कॉलने मिनिटे मोजली. या प्रत्येक मापाने आपल्या लिहिण्या-बोलण्याला एक वळण लावले. मात्र आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. निळ्या एरोग्रॅमच्या शेवटच्या घडीवर, डिंकाची पट्टी चुकवून, आडव्या-उभ्या ओळींत कोंबलेला मजकूर ज्यांनी वाचला आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. खरी बातमी नेहमी त्या कोपऱ्यातच असे. 'वि. वि.' पासून 'लोभ असावा' पर्यंतचा ऐसपैस मजकूर मधल्या जागेत, आणि 'दादांना बरे नव्हते, आता ठीक' हे समासात.

तारेत शब्दागणिक पैसे, त्यामुळे तार क्रियापदावर जगत असे. घरात तार आली की रडारड आधी आणि वाचन नंतर, असा आमच्याकडचा क्रम होता. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, तेव्हा पुष्कळांनी हळवे लेख लिहिले. मला स्वतःला तारेविषयी ओढ वाटण्याचे काही कारण नव्हते. नव्वदीच्या दशकातील आयएसडी बूथ मात्र मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. काचेची पेटी, आत उभा माणूस, आणि त्याच्या नजरेसमोर लाल आकड्यांचे यंत्र. पलीकडून आवाज येत असताना याचे डोळे त्या आकड्यांवर. 'बाकी काय?' हा मराठीतला निरर्थक प्रश्न त्या पेटीत कुणी विचारीत नसे.

आज ज्याला आपण डेटा म्हणतो त्याचे माप या साऱ्यांहून वेगळे आहे. तेथे पैसे आधी भरायचे असतात आणि खर्च होताना काहीच दिसत नाही. म्हणजे निघण्यापूर्वीच सांगावे लागते की, एकवीस दिवसांत मला घराची किती गरज पडेल, आणि घराला माझी किती. हा प्रश्न दुकानातला तरुण विचारतो तेव्हा तो आकड्यात उत्तर मागत असतो.

२०२४ च्या मे महिन्यात मला तीन आठवडे लंडनला जायचे होते. काम हस्तलिखितांचे. इंडिया ऑफिस ग्रंथालयातील मराठी हस्तलिखितांची ब्लुमहार्ट आणि स. ग. कान्हेरे यांनी केलेली सूची १९५० साली प्रसिद्ध झाली. ती हस्तलिखिते आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या ग्रंथालयावर सायबर-हल्ला झाला आणि तेथील संगणकीय सूची कित्येक आठवडे बंद पडली. नंतर ती टप्प्याटप्प्याने सुरू होऊ लागली. त्या काळात त्या जुन्या छापील सूचीच्या मी काढून ठेवलेल्या छायाप्रतीने माझी सारी पूर्वतयारी करून दिली. कागदाचा हा एक लहानसा विजय मी येथे नोंदवून ठेवते. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा आईचा होता. आई एकोणनव्वद वर्षांची, राहणार बडोदे, आणि गेल्या सहा-सात वर्षांपासून तिला जवळजवळ ऐकू येत नाही. श्रवणयंत्राने आवाज वाढतो, शब्द उमगत नाहीत. ती ओठ वाचते. कुणी तिला ते शिकवले नाही. गरजेने तिचे तीच शिकली. समोरच्याचा चेहरा उजेडात असला आणि बोलणारा घाई करीत नसला, की तिचे सारे व्यवहार सुरळीत चालतात. त्यामुळे साधा फोन तिच्या उपयोगाचा नाही. फोनवर चेहरा हवा.

भाषाशास्त्राच्या वर्गात आम्ही ओष्ठ्य आणि कंठ्य वर्ण शिकवीत असू, तेव्हा त्यांचा असा घरगुती उपयोग होईल असे वाटले नव्हते. पवर्ग ओठांवर दिसतो, कवर्ग घशात लपतो. 'पाय' आणि 'माय' ओठांवर सारखेच दिसतात. 'गाय' जवळजवळ दिसतच नाही. वाचणाऱ्याने उरलेले संदर्भाने भरून काढायचे. आई ते इतक्या सफाईने करते की, संहिताचिकित्सा करणाऱ्या आम्हा मंडळींनी तिच्याकडून काही धडे घ्यावेत. परंतु त्यासाठी ओठ हलताना दिसले पाहिजेत, सलग दिसले पाहिजेत. चित्र अडखळले की तिचे पान फाटले.

दुकानातील तरुण गुजराती बोलत होता आणि मनाने चांगला होता. "बेन, अनलिमिटेड लई लो ने, चिंता ज नहीं," असे त्याने सुचवले. 'अनलिमिटेड' हा शब्द ज्या पत्रकावर छापलेला होता त्याच पत्रकाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, त्याची मर्यादा दिलेली होती. दिवसाला अमुक इतका डेटा पूर्ण वेगाने. तो संपला की जोडणी तुटत नाही, फक्त वेग उतरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा कोटा. बहुतेकांना याचे काही वाटू नये. उतरलेल्या वेगात अक्षरी निरोप जातात आणि आवाजही कसाबसा जातो. फक्त चेहरा गोठतो. म्हणजे इतरांना जेथे थोडी गैरसोय, तेथे आईला संपूर्ण शांतता. छापील मजकुराच्या तळटिपा वाचण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगते की अमर्यादतेचा दावा करणाऱ्या प्रत्येक ग्रंथात शुद्धिपत्र शोधावे.

तर प्रश्न असा उभा राहिला: दिवसाची मर्यादा नसलेला, एकूण एवढे जीबी असा ठोक डेटा हवा. किती? आपल्याकडे आता हा हिशेब करण्याची सवयच मोडली आहे. २०१४ साली एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांच्या वर पडत. आज ती सरासरी दहा रुपयांच्या घरात आहे. पाण्याचा नळ असावा तसा आपण डेटा सोडून ठेवतो. परदेशात पाऊल ठेवताच तोच नळ अत्तराच्या कुपीसारखा होतो. पॅक न घेता भारतीय सिमवर तेथील डेटा वापरला तर येणारे बिल हा अनेक कुटुंबांतला सांगोवांगीचा विषय आहे.

मी आठवडाभर मोजले. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपने किती डेटा घेतला याची नोंद असते; ती दर सकाळी शून्यावर आणायची आणि रात्री वहीत उतरवायची. आईशी दहा मिनिटांचे बोलणे साधारण साठ एमबीचे निघाले. वास्तविक मी आणि ती एकाच गावात, दोन घरांत. दुपारी मी तिच्याकडे असते, तरी रात्री झोपण्यापूर्वी तिला एकदा फोनवर तोंड दाखवावे लागते. तेवढ्या दहा मिनिटांत ती विचारते ते प्रश्न चार. जेवलीस का. गॅस बंद केलास का. उद्या किती वाजता येणार. आणि चौथा प्रश्न नसतो, ती नुसती पाहत राहते.

या साठ एमबीचे वजन कळावे म्हणून मी आणखी एक हिशेब केला. तो निरुपयोगी आहे हे मान्य करूनही सांगते. संगणकात अक्षरे साठवण्याची आज जी पद्धत रूढ आहे, त्या यूटीएफ-८ मध्ये साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'कि' म्हणजे क आणि वेलांटी, दोन चिन्हे, सहा बाइट. लघुसंदेशातही तोच न्याय: रोमनमध्ये एका संदेशात १६० वर्ण मावतात, देवनागरीत ७०. आपल्या लिपीला यंत्राने हा जादा आकार लावलेला आहे आणि आपण तो निमूटपणे देत आलो आहोत. एवढे करूनही नऊ हजारांवर ओव्यांची सबंध ज्ञानेश्वरी, माझ्या ढोबळ अंदाजाने, दोन एमबीच्या आसपास बसते. म्हणजे आईने मला 'गॅस बंद केलास का' असे विचारावे आणि मी 'हो' म्हणावे, यासाठी दररोज तीस ज्ञानेश्वऱ्यांएवढा भार ये-जा करतो. माप आशयाला ओळखत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. पण ते इतक्या स्वच्छ आकड्यात मला यापूर्वी दिसले नव्हते.

मार्ग तीन होते. आपल्या भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घ्यायचा; तेथे उतरून ब्रिटिश सिम विकत घ्यायचे, ज्याला त्या देशात ओळखपत्रही लागत नाही; किंवा घरबसल्या ई-सिम घ्यायचे, म्हणजे प्लास्टिकचा तुकडा नाही, एक चौकोनी संकेतचित्र फोनला दाखवले की काम झाले.

यांतील पहिल्या मार्गाची एक गोष्ट मला फार आवडली. रोमिंगमध्ये आपला डेटा बहुधा आपल्या मूळ कंपनीच्या दारातूनच जातो. लंडनच्या फुटपाथवर उभे राहून समोरच्या रस्त्याचा नकाशा मागितला, तरी ती मागणी आधी सात हजारांहून अधिक किलोमीटर दूर भारतात येते आणि उत्तर घेऊन परत जाते. इंटरनेटच्या दृष्टीने तो माणूस अजून घरातच असतो. सासरी नांदत असूनही प्रत्येक गोष्ट माहेरी विचारून करणाऱ्या मुलीसारखे हे सिम. नकाशासाठी हा वळसा हास्यास्पद. पण घरी बोलायचे असेल तर तो वळसाच नव्हे, कारण जायचे तेथेच आहे. प्रवासी ई-सिममध्ये कधीकधी याहून मौज असते: माणूस एका देशात, कंपनी दुसऱ्या देशात आणि डेटा बाहेर पडतो तो तिसऱ्याच देशातून.

हे सारे कागदावर मांडत असताना माझ्या मनात आमच्या प्रवासवर्णनांचा विचार चालू होता, कारण पुढच्या सत्रात मला त्या विषयावर बोलायचे होते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरातून निघाले आणि सुमारे तीन वर्षांनी परतले. मधल्या काळात ते झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून निघाला. आज आपण त्यात एका ब्राह्मण भिक्षुकाची निरीक्षणशक्ती पाहतो, बंडाचा पुरावा शोधतो, गद्याची ठेवण तपासतो. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पुढे गोपाळरावांचे पत्र त्यांना मिळायला आणि त्यांचे उत्तर इकडे पोहोचायला कित्येक आठवडे जात. रागावून लिहिलेले पत्र पोहोचेपर्यंत लिहिणाराचा राग निवलेला असे आणि वाचणारीचा सुरू होत असे. पुढे १९६० साली 'अपूर्वाई' आली तोवर विमाने होती, पण घर अजून पत्राच्याच अंतरावर होते.

आमची टीका या अंतराला अनुकूल आहे. प्रवासी तुटला म्हणून त्याचा अनुभव साठला, साठला म्हणून तो मुरला, आणि मुरला म्हणून ग्रंथ झाला, अशी एक उपपत्ती मी स्वतः वर्गात मांडलेली आहे आणि ती आजही मला चुकीची वाटत नाही. रोज रात्री घरी सगळे सांगून मोकळा झालेला माणूस परत आल्यावर लिहिणार काय? तरीपण वरसईच्या घरात त्या तीन वर्षांत काय चालले होते, याचे पुस्तक कुणी लिहिले नाही. प्रवाशाच्या तुटलेपणाची किंमत प्रवाशाने दिलीच नव्हती. ती घरच्यांनी दिली, आणि ग्रंथ प्रवाशाच्या नावावर लागला. घरी राहणाऱ्याचे वाङ्मय आपल्याकडे ओवीत आहे, जात्यावर आहे. प्रवासवर्णनाच्या कपाटात नाही.

म्हणून डेटाचा प्लॅन निवडताना जाहिराती ज्याला विचारतात तो माणूस चुकीचा असतो, असे माझे मत झाले. त्या प्रवाशाला विचारतात: नकाशे किती पाहाल, छायाचित्रे किती पाठवाल, गाणी ऐकाल का. यांतले काहीही थांबू शकते. नकाशा आधी उतरवून घेता येतो, छायाचित्रे मुक्कामाच्या वाय-फायवर जातात. जे थांबू शकत नाही ते घरी बसलेल्याचे असते, आणि ते जीबीत थोडे, पण वेळेला पक्के असते. लंडन उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास. आई नऊला झोपते, म्हणजे तेथे दुपारचे साडेचार. त्या वेळी मी वाचनकक्षात असणार, रस्त्यावर असणार, बसमध्ये असणार; वाय-फाय असलेल्या खोलीत नसणार. ग्रंथालयाच्या इमारतीत वाय-फाय आहे, हे खरे. पण आई ठरल्या वेळी फोन करीत नाही. तिच्या फोनच्या पडद्यावर माझे छायाचित्र आहे. तिला वाटले की ती त्यावर बोट ठेवते. दोनदा उत्तर आले नाही, तर ती सोबतीच्या बाईंना विचारते, "हिचे काही झाले का?"

तेव्हा मी ई-सिम घेतले: तीस दिवस मुदत, वीस जीबी, रोजची मर्यादा नाही, मुदत तेथील नेटवर्कला जोडल्यापासून सुरू. भारतीय सिम फोनमध्येच राहू दिले, त्याचे डेटा रोमिंग बंद केले. बँकेचे ओटीपी आणि औषधाच्या दुकानाचे पैसे त्याच्या जिवावर चालणार होते. व्हॉट्सअ‍ॅप माझ्या जुन्याच क्रमांकाला बांधलेले राहिले. निर्णायक गोष्ट हीच होती. आईला काहीही नवे शिकावे लागणार नव्हते. तेच छायाचित्र, तेच बोट. शिवाय चित्रे आपोआप उतरण्याची सोय मी बंद केली. रोज पहाटे येणारी फुलांची, सूर्योदयांची आणि सुविचारांची 'सुप्रभात' जर परकीय चलनात विकत घ्यावी लागली, तर माणसाचा सुविचारांवरचा विश्वास उडतो.

आईला सांगितले तेव्हा तिने विचारले, "आणि मी फोन केला तर पैसे कुणाला पडतात?"

"कुणालाच नाही. आधीच भरलेत."

"मग नाही केला तर वाया जातील?"

याचे उत्तर मी 'हो' असे दिले. बोलणे बंद ठेवून पैसे वाचवण्याची तिच्या पिढीची जी सवय आहे, तिच्यावर दुसरा उतारा मला माहीत नव्हता.

लंडनमध्ये सारे ठरल्याप्रमाणे चालले. सविस्तर सांगण्यासारखे त्यात काही नाही. भुयारी रेल्वेच्या काही बोगद्यांत आता मोबाइल चालतो, काहींत नाही. मी दुपारनंतर बसनेच फिरले. आईने लाल बस पाहिली, पाऊस पाहिला, ग्रंथालयाच्या प्रांगणातला न्यूटनचा वाकून बसलेला प्रचंड पुतळा पाहिला आणि "याची पाठ दुखत असेल" असे म्हटले.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी साडेतीनच्या सुमारास फोन आला. मी सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या बागेत बाकावर होते. आई जेवून पलंगावर आडवी झाली होती. बडोद्यात त्या दिवशी उकाडा फार होता, असे ती म्हणाली. आंब्याची पेटी आली होती. सोबतीच्या बाई खाली कोपऱ्यावर औषध आणायला गेल्या होत्या. मी काहीतरी विचारले. तिने उत्तर दिले नाही. फोन तिच्या हातातून उशीवर कलंडला आणि पडद्यावर तिच्या खोलीचे छत आले. मी हाक मारली. तिला ती ऐकू जाणे शक्यच नव्हते. छताचा पंखा फिरत होता. त्याच्या एका पात्यावर जुना डाग आहे, तो दर फेरीला दिसे. मी फोन कानाला लावला. पंख्याच्या घरघरीखाली श्वास आहे की नाही, ते कळेना.

सोबतीच्या बाईंना दुसऱ्या ओळीवरून फोन लावता आला असता. भारतीय सिम त्यासाठीच होते. पण त्यासाठी हा कॉल बाजूला ठेवावा लागला असता, आणि मला ते छत सोडवेना. मी बाकावर बसून पंखा पाहत राहिले. बागेत कुणी कुत्रे फिरवीत होते. अर्ध्या तासाने पडदा हलला, छत तिरके झाले, आणि आईचे एक बोट भिंगावर आले. तिने कूस बदलली होती. पुन्हा छत.

आणखी वीस मिनिटांनी बाई आल्या, त्यांनी फोन उचलला, मला पाहून दचकल्या. "अहो ताई, तुम्ही अजून आहात?"

रात्री वहीत आकडा उतरवला: तीनशे दहा एमबी.